कॅसेट उरेल, व्हीसीआर उरणार नाही

पुण्याच्या हडपसर, मांजरी, मुंढवा, फुरसुंगी या पट्ट्यातल्या जुन्या घरांत माळ्यावर, लोखंडी ट्रंकेत किंवा टीव्हीच्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात काळ्या व्हिडिओ कॅसेट अजून पडून आहेत. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, कुणाचं डोहाळजेवण, शाळेचं स्नेहसंमेलन, मंडळाच्या गणपतीची मिरवणूक. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या निमित्तानं आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आलं, मागोमाग व्हीसीआर घरोघर पोचले, आणि पुढची वीसेक वर्षं मांडवात फोटोवाल्याच्या जोडीला खांद्यावर कॅमेरा घेतलेला व्हिडिओवाला आणि त्याच्यामागे हॅलोजनचा दिवा धरून चालणारा पोऱ्या दिसत राहिला. या कॅसेट कधीतरी कॉम्प्युटरवर घेऊन त्यांची सीडी किंवा डीव्हीडी करून टाकायची, असं बहुतेक घरांत बोलून झालेलं असतं. विचार चांगलाच आहे, पण त्याला दोन दुरुस्त्या हव्यात. हे काम ‘कधीतरी’वर सोडण्यासारखं राहिलेलं नाही, आणि डिस्क हा त्याचा शेवटचा मुक्काम नाही. आपण ही कॅसेट शेवटचीच लावतो आहोत असं समजून तिच्यातून निघेल तेवढं सगळं एका मोठ्या फाइलमध्ये उतरवून घ्यावं आणि डिस्ककडे केवळ वाटण्यासाठी काढलेली प्रत म्हणून पाहावं, असं माझं म्हणणं आहे.

घाईचं कारण लोक सहसा फितीत शोधतात. फीत खराब होते, हे खरं. पण तिच्याआधी दगा देणार आहे ते तिला वाचणारं यंत्र. जपानच्या जेव्हीसी कंपनीनं १९७६ साली या कॅसेटची व्हीएचएस ही पद्धत बाजारात आणली, आणि जगात शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेल्या फुनाई या जपानी कंपनीनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. त्यानंतर नवा व्हीसीआर बनलेला नाही. युनेस्को आणि ध्वनी-दृक्श्राव्य संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये चुंबकीय फितींबद्दल जगभरच्या संस्थांना सावध केलं, तेव्हा २०२५ हे साल साधारण हद्द म्हणून धरलं जात होतं. त्या पुढे फिती नियमितपणे चालवू शकणारी यंत्रं, सुटे भाग आणि दुरुस्तीची माणसं मिळणं दुरापास्त होईल, असा त्यामागचा हिशोब होता. ते साल मागे पडलं. त्या साली कुठलीही कॅसेट कोरी झाली नाही, पण चालू व्हीसीआर शोधायला निघालेल्या माणसाला तो हिशोब किती खरा होता ते लगेच कळतं.

हे यंत्र इतकं नाजूक का, ते त्याच्या आत डोकावल्यावर उमगतं. कॅसेट आत सरकवली की दोन खुंट्या अर्धा इंच रुंदीची फीत बाहेर ओढतात आणि किंचित तिरक्या बसवलेल्या, आरशासारख्या गुळगुळीत धातूच्या ड्रमभोवती अर्धा वळसा देतात. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीत हा ड्रम मिनिटाला १,५०० फेरे घेतो. फीत पुढे सरकते सेकंदाला जेमतेम साडेतेवीस मिलिमीटर, पण ड्रमवरची हेड तिच्यावरून सेकंदाला जवळपास पाच मीटर वेगानं तिरक्या रेघा ओढत जातात. एका रेघेची रुंदी ४९ मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही बारीक. एक रेघ म्हणजे अर्धं चित्र, आणि सेकंदाला अशा पन्नास रेघा अचूक वाचल्या गेल्या तरच पडद्यावर नवरदेव स्थिर उभा राहतो. आता या यंत्रातला रबरी रोलर वीस-पंचवीस वर्षांत कडक होतो, पट्टे सैल पडतात, सर्किटमधले कपॅसिटर सुकतात आणि हेड झिजतात. पट्टा किंवा कपॅसिटर तपकीर गल्लीत धुंडाळून मिळू शकेल. व्हिडिओ हेड मात्र आता कुणी नव्यानं बनवत नाही. बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात व्हीसीआर दिसला म्हणजे तो चालतोच असं नाही, आणि जो चालतो त्याच्या हेडमध्ये किती तास शिल्लक आहेत ते बाहेरून सांगता येत नाही.

फितीची बाजूही पाहायला हवी, विशेषतः पुण्याच्या पावसाळ्यात. फीत म्हणजे पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीवर चुंबकीय लोहकणांचा लेप, आणि ते कण धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा बंध. जून ते सप्टेंबर हवेत मुरलेली ओल हळूहळू या बंधाचं विघटन करते. लेप चिकट होतो, प्रसंगी त्याची पूड हेडवर बसते. दुसरा शत्रू बुरशी. कॅसेटच्या खिडकीतून उजेडात तिरकं पाहिलं की रिळाच्या कडेवर पांढरट ठिपके किंवा जाळीसारखे धागे दिसतात. अशी कॅसेट ‘बघू तरी चालते का’ म्हणून व्हीसीआरमध्ये घालणं हा या कामातला सर्वांत महाग अविचार आहे, कारण बुरशी हेडवर आणि मार्गातल्या प्रत्येक खुंटीवर चढते आणि नंतर लावलेल्या धडधाकट कॅसेटमध्येही शिरते. तिला बाजूला काढून कोरड्या जागी ठेवावं आणि हाताशी असेल तर फीत बाहेरून साफ करणाऱ्या जाणकाराकडे न्यावं. उरलेल्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळाव्यात, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली फीत मोकळी होते. व्हीसीआरची परीक्षा घ्यायला पहिली कॅसेट लग्नाची लावू नये. टीव्हीवरून उतरवलेल्या एखाद्या मालिकेची लावावी. यंत्रानं फीत खाल्लीच, तर ती खावी.

कॉम्प्युटरवर घेण्याची जुळणी दिसते सोपी. व्हीसीआरच्या मागून पिवळी, पांढरी, लाल वायर, मधे बोटभर लांबीचं यूएसबी कॅप्चर उपकरण, पुढे कॉम्प्युटर. सॉफ्टवेअरमध्ये पाल पद्धत, ७२० बाय ५७६ हे माप आणि सेकंदाला २५ चित्रं निवडायची, व्हीसीआर चालू करायचा आणि बसायचं. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते. त्यात कुठलीही पळवाट नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली किंवा तिकडच्या कॅमेऱ्यानं काढलेली कॅसेट असेल तर तिची पद्धत एनटीएससी, तिच्यासाठी मांडणी वेगळी. खरी अडचण पुढे येते. फीत ही लवचिक वस्तू; ताणते, किंचित आखडते, त्यामुळे तिच्यातून येणाऱ्या प्रत्येक ओळीची वेळ थोडी मागेपुढे होते. जुना काचेचा टीव्ही हे निमूट सांभाळून घेत असे. कॉम्प्युटर सांभाळून घेत नाही: सिग्नल डळमळला की स्वस्त उपकरण तेवढी चित्रं गाळून टाकतं, आवाज मात्र पुढे जात राहतो, आणि तासाभरानं भटजी ‘सावधान’ म्हणतात तेव्हा त्यांचे ओठ मिटलेले असतात. यावर उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर, ओळींची वेळ सारखी करून पुढे देणारं सर्किट. जेव्हीसीच्या काही एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये ते आतच असे. ते नसेल तर काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर मधे जोडले, म्हणजे व्हीसीआरचा सिग्नल त्यांच्यातून फक्त पार करून नेला, तरी चित्र बरंच थाऱ्यावर येतं. व्हीसीआरला एस-व्हिडिओची गोल पिन असेल तर पिवळ्या वायरीऐवजी ती वापरावी. उजेड आणि रंग वेगवेगळे प्रवास करतात आणि कडांवरची रंगांची गळती कमी होते.

इथवर सगळं नीट जमलं तरी शेवटी डिस्क करण्याच्या घाईत केलेलं बरंचसं वाया जातं. थोडी आकडेमोड करू. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात. तीन तासांची कॅसेट एकाच डिस्कवर बसवायची तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला साडेतीन मेगाबिटही हाती येत नाहीत. घरगुती कॅमेऱ्यांसाठी १९९५ च्या सुमारास आलेली मिनीडीव्ही कॅसेट नुसत्या चित्रालाच सेकंदाला २५ मेगाबिट देत होती. तासाला साधारण १३ जीबी. म्हणजे एका डिस्कचा हट्ट धरला की मिनीडीव्हीच्या सातव्या हिश्श्यावर भागवावं लागतं. त्याही आधी, दोन हजार सालाच्या आसपास, अनेक घरांनी लग्नाच्या कॅसेटच्या व्हीसीडी करून घेतल्या. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे पाल चित्राच्या ठिपक्यांचा जेमतेम चौथा हिस्सा. शिवाय सेकंदाच्या पन्नास अर्ध्या चित्रांपैकी निम्मी त्यात सरळ टाकून दिलेली. म्हणून वरातीतलं नाचणं व्हीसीडीवर अडखळत चाललेलं दिसतं. ज्यांनी व्हीसीडी झाल्यावर मूळ कॅसेट भंगारात दिल्या, त्यांच्याकडे आता तेवढाच चौथा हिस्सा उरला आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की व्हीएचएसचं चित्र मुळातच पुसट, मग त्याच्यासाठी एवढ्या मोठ्या फाइली कशाला? पुसट आहे, हे मान्य. आडव्या दिशेनं सुमारे २४० रेषांपलीकडे व्हीएचएस तपशील दाखवत नाही. पण पुसट चित्राला कमी जागा लागते हा समज चुकीचा आहे. चित्र आकुंचित करणारं सॉफ्टवेअर एका चित्रात आणि पुढच्या चित्रात काय बदललं तेवढंच लिहून जागा वाचवतं. स्वच्छ, स्थिर चित्रात फारसं बदलत नाही. जुन्या फितीवर मात्र प्रत्येक चित्रात दाणे, पांढरे ठिपके आणि थरथर वेगवेगळी असते, आणि सॉफ्टवेअरला तो सगळा नवा बदलच वाटतो. त्याचे मोजके बिट या दाण्यांवर खर्च होतात आणि चेहऱ्यांच्या वाट्याला चौकोनी ठोकळे येतात. म्हणजे चित्र जितकं वाईट, तितकी जास्त जागा त्याला द्यावी लागते. आणखी एक गोष्ट: अर्ध्या चित्रांना जोडून पूर्ण चित्र बनवण्याची, दाणे काढण्याची सॉफ्टवेअर दर काही वर्षांनी सुधारत आहेत. आज घाईनं चित्र ‘स्वच्छ’ करून आकुंचित फाइल ठेवली की उद्याच्या चांगल्या सॉफ्टवेअरला काम करायला मूळ काही उरतच नाही. म्हणून पहिली फाइल अर्धी चित्रं तशीच ठेवलेली, खालच्या कडेवरच्या थरथरत्या पट्टीसकट, कुठलीही काटछाट न केलेली असावी. एफएफव्ही१ सारख्या काहीही न गाळणाऱ्या पद्धतीत ती तासाला तीस-चाळीस जीबीच्या आसपास जाते. तेवढी जागा नसेल तर मिनीडीव्हीच्या तोडीची तेरा जीबीची फाइल हा चालण्यासारखा मध्यममार्ग आहे. त्याखाली उतरू नये.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे. आजी-आजोबांना फाइल उघडता येत नाही, डिस्क मात्र हातात धरता येते, तिच्यावर नाव लिहिता येतं, प्लेअरमध्ये घालता येते. बरोबर आहे, त्यांच्यासाठी डिस्क जरूर करावी, एकीच्या दोन कराव्यात, किंवा त्यांच्या टीव्हीला लागणारा पेन ड्राइव्ह भरून द्यावा. मोठ्या फाइलमधून डिस्क केव्हाही होते, डिस्कमधून मोठी फाइल कधीच होत नाही. शिवाय घरी बर्न केलेल्या डिस्कचा थर रासायनिक रंगाचा असतो. ऊन, उष्णता आणि ओल यांनी तो फिका पडतो आणि कुठली डिस्क पाच वर्षं टिकेल, कुठली पंचवीस, हे खोक्यावरून कळत नाही. डिस्क वाचणारी ड्राइव्ह तर नव्या लॅपटॉपमधून गेलीच आहे. पॅनासॉनिकनं २०२३ मध्ये आणि सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्ड करण्याच्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. सोनीनं त्याच वेळी मिनीडीव्ही कॅसेटही बंद केल्या. व्हीसीआरच्या बाबतीत जे घडलं त्याच वाटेला डिस्कही लागली आहे. फाइल मात्र एका हार्ड डिस्कवरून दुसरीवर तसूभरही न बिघडता जाते, आणि तिच्या तीन प्रती ठेवल्या, दोन घरात वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे किंवा ऑनलाइन, तर एक हार्ड डिस्क बंद पडल्यानं घरावर आकाश कोसळत नाही.

हे सगळं स्टुडिओकडे दिलं तर? जरूर द्यावं; ज्याच्याकडे बरा व्हीसीआर आणि वेळ नाही त्याला तोच रस्ता आहे. पण देताना ‘डीव्हीडी करून द्या’ एवढंच न म्हणता आधी मोठी फाइल मागावी, पाल पद्धतीत, अर्धी चित्रं न जोडता, आणि कॅसेट परत मागावी. टीव्हीवर लावून मोबाइलनं शूटिंग करण्याचा सोपा मार्ग मात्र टाळावा. पडद्याची लुकलुक, खोलीतला पंखा, वाकडी चौकट हे सगळं त्या चित्रात कायमचं मिसळतं आणि फितीची झीज मात्र तेवढीच होते.

लग्नाच्या कॅसेटमध्ये आवाजाचा एक वेगळाच प्रश्न असतो आणि तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. त्या काळी स्टुडिओत ‘मिक्सिंग’ होई: नवरा-नवरी हृदयाच्या चौकटीत, हळदीच्या प्रसंगावर सिनेमाचं गाणं. त्यात मंगलाष्टका, बायकांचे उखाणे, मामांची लगबग, सगळे आवाज गाण्याखाली गेले. शिवाय मिक्सिंगची कॅसेट ही मूळ फितीची दुसरी, कधी तिसरी प्रत, प्रत्येक प्रतीला थोडी अधिक पुसट. म्हणून घरात दोन कॅसेट असतील, एक सजवलेल्या खोक्यातली आणि एक साधी, नुसत्या पेननं तारीख लिहिलेली, तर ती साधी आधी घ्यावी. ती बहुधा मूळ असते. आवाज नेमका कुठे ठेवलेला असतो हेही जाणून घेण्यासारखं आहे. व्हीएचएसवर साधा आवाज फितीच्या वरच्या कडेला एका सरळ अरुंद पट्ट्यात असतो, तर हाय-फाय यंत्रानं रेकॉर्ड केलेला आवाज चित्राच्याच तिरक्या रेघांखाली, लेपात खोलवर. नंतर ‘ऑडिओ डब’ करून गाणं चढवलं तर ते फक्त कडेच्या पट्ट्यावर चढतं. खालच्या हाय-फाय आवाजाला हातही लागत नाही. मूळ चित्रण हाय-फाय यंत्रावर झालं असेल आणि गाणं नंतर त्याच फितीवर डब केलं असेल, तर हाय-फाय व्हीसीआरवर तीच कॅसेट लावून आवाजाची निवड बदलली की गाणं बाजूला होतं आणि मांडवातले खरे आवाज ऐकू येतात. हयात नसलेल्या एखाद्या आजीचा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नसेल, तर एवढ्यासाठी हाय-फाय व्हीसीआर शोधणं सर्वस्वी सार्थ आहे. म्हणून शक्य असेल तिथे दोन्ही पट्ट्यांचा आवाज वेगवेगळा उतरवून ठेवावा.

आणि तीन-तीन तासांची ही लग्नं बघणार कोण, हा शेवटचा आक्षेप. सलग बघणारं कुणी नसेलही. पण या फितींची किंमत नवरा-नवरीपुरती धरणं मला पटत नाही, हडपसरसारख्या ठिकाणी तर मुळीच नाही. आज जिथे मगरपट्टा सिटीच्या इमारती आहेत ती सुमारे चारशे एकर जमीन दोन हजार सालापर्यंत शेतकऱ्यांच्या नांगराखाली होती. मग त्याच शेतकरी कुटुंबांनी एकत्र येऊन तिथे नगर उभं केलं. त्या आधीच्या दशकात इथे निघालेल्या वरातींच्या चित्रणात मागे काय दिसत असेल? ऊस, कालव्याचं पाणी, कौलारू घरं, सोलापूर रस्त्यावरची तुरळक वाहतूक, गाडीतळाचा जुना चौक. दरवर्षी ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पालख्या पुण्याहून निघून हडपसरपर्यंत बरोबर येतात आणि इथून वेगळ्या होतात, एक दिवे घाटाकडे, दुसरी लोणी काळभोरकडे. त्या दिवशी हौसेनं चालवलेल्या प्रत्येक कॅमेऱ्यात या गावाचा रस्ता, दुकानांच्या पाट्या, माणसांचे पोशाख, पाणी वाटणारी मंडळं नोंदली गेली आहेत. कॅमेरावाल्यानं हे मुद्दाम टिपलं नाही, म्हणूनच ते विश्वासार्ह आहे. सरकारी दप्तरात सातबारा सापडेल, पण बांधावरून चालत जाणारी वरात सापडणार नाही.

वेळेत न जपलेलं हरवतं, हा धडा मोठ्या पडद्याच्या बाबतीत पुण्यानं फार जवळून पाहिला आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये इथे स्थापन झालं आणि पी. के. नायर यांनी हयात खर्चून देशभरातून चित्रपटांची रिळं गोळा केली. तरीही ‘राजा हरिश्चंद्र’ हा १९१३ चा चित्रपट आपल्याला पूर्ण मिळत नाही आणि १९३१ चा ‘आलम आरा’ तर मिळतच नाही. ते बनले तेव्हा त्यांना कुणी कमी लेखत नव्हतं. खेळ संपल्यावर रिळांचं काय करायचं, याचा विचार वेळेत झाला नाही एवढंच. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्या संस्थेचं काम चित्रपट सांभाळणं. हडपसरच्या घराघरातल्या लग्नाच्या आणि पालखीच्या कॅसेट सांभाळणारं संग्रहालय म्हणजे ती घरंच.

त्यामुळे फाइल तयार झाली की तिच्या नावात वर्ष, प्रसंग आणि ठिकाण लिहावं, आणि घरातल्या थोरांना समोर बसवून कोण कुठला पाहुणा, ते शेत कुणाचं, ते घर कुठे होतं, हे त्यांच्याच आवाजात मोबाइलवर टिपून त्याच फोल्डरमध्ये ठेवावं. कॅसेट मात्र टाकू नये. आता हेडकडून येणारा कच्चा सिग्नलच थेट कॉम्प्युटरवर उतरवून चित्र सॉफ्टवेअरनं घडवण्याची पद्धत हौशी तंत्रज्ञांनी विकसित केली आहे, आणि व्हीसीआरमधल्या जुन्या सर्किटांपेक्षा ती पुष्कळदा अधिक बारकावे बाहेर काढते. अशी सोय आपल्या हाताशी येईल तेव्हा मूळ फीत जागेवर असायला हवी. तिच्या कडेची रेकॉर्डिंगची टिकली मोडून टाकावी, म्हणजे चुकून तिच्यावर काही चढणार नाही. फीत एका बाजूला पूर्ण गुंडाळावी, खोक्यात घालून पुस्तकासारखी उभी ठेवावी. जागा कोरडी असावी, माळ्यावरची नको, आणि स्पीकरच्या जवळची तर नकोच.